चेनची लाल दोरी

शाळेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कोट आम्ही घालून देत नाही. ज्याला स्वतःचा घालता येतो, तो अंगणात येतो." घरात दोन मिनिटं एका जागी न टिकणारी माझी साडेचार वर्षांची भिंगरी सलग तीन दिवस वर्गाच्या खिडकीशी बसून होती. "आई, मी सगळ्यांना आतून टाटा केला," असं तिनं हसत हसत सांगितलं.

चूक माझीच. इथे या बर्फाच्या देशात बाहेर उणे अठरा अंश, म्हणून मी दोन मापं मोठा कोट घेतला होता, शिवाय आत दोन स्वेटर. मुलगी कोटात शोधावी लागायची.

शनिवारी नवा कोट घ्यायला निघालो. माझ्या फोनमध्ये यादी तयार होती. सासूबाईही पायात बूट घालून उभ्या राहिल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, आता रंगावरून वाद. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी "पूर्वी नोकरी करायच्या" एवढंच सांगायचे. शीतगृहात खोकी रचायच्या, हे गाळायचे.

दुकानात मी सगळ्यात जाड, गुडघ्यापर्यंतचा कोट उचलला. भिंगरीनं चेन सर्रकन वर ओढली.

"बघा, येते की!" मी म्हटलं. विक्रेता बिल करायला वळलासुद्धा.

"थांबा हो," सासूबाई म्हणाल्या. "भिंगरे, खाली बस."

ती बसली. कोट कानापर्यंत वर आला.

"आता उठ. खालचा तो कागद उचल."

भिंगरी वाकली ती तशीच पुढे लवंडली, आणि पडल्या पडल्या खिदळायला लागली.

"आई, ती शाळेत जाणार आहे, सर्कशीत नाही," मी सासूबाईंना म्हटलं.

"शाळेतच ना? मग वाकणार, बसणार, चढणार. आमचा मुकादम शीतगृहाच्या दाराशी रोज हेच करून घ्यायचा. वाक, बस, हात वर. मगच आत सोडायचा."

"आजी, हा उणे तीसपर्यंत चालतो," विक्रेता म्हणाला. "लेबलवर लिहिलंय."

"लेबल जाऊन आलंय का तसल्या थंडीत? मी रोज जायचे."

मग त्यांनी पिशवीतून भिंगरीचे हातमोजे काढले. "हे घाल आणि आता लाव चेन."

चेनची ती एवढीशी पट्टी हातमोज्यातून तीनदा निसटली. भिंगरीचा खालचा ओठ थरथरला. माझा हात आपोआप पुढे गेला. सासूबाईंनी मनगटच धरलं.

"तू हात खिशात घाल बघू. इथे उकडतंय, बोटं मोकळी आहेत, कुणालाही लागेल चेन. बाहेर हातमोजा काढला की बोटं गेली कामातून."

मी यादी वाचून वाचून पाठ केली होती. त्यात हे नव्हतं.

शेवटी चौथा कोट ठरला. कमरेखाली जेमतेम येणारा, वजनाला हलका, आत एक स्वेटर मावेल इतपत सैल, आणि चेन चांगली जाडजूड. घरी आल्यावर सासूबाईंनी चेनला लाल दोरीचा फास बांधला, दोन बोटं आरामात जातील असा. "कामावर प्रत्येकीच्या दोरीचा रंग वेगळा असायचा. माझा लाल."

रविवारभर आमच्या बाहेरच्या खोलीत तालीम. हातमोजे घालून चेनची खुंटी खाचेत बसवायची, खाली दाबून धरायची, दोरी ओढायची. भिंगरी चिडली, रडली, कोट फेकला, पुन्हा उचलला. आजी शेजारी बसून शेंगा सोलत होती. मदतीला हात म्हणून पुढे केला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीच्या वेळी मी शाळेच्या कुंपणाबाहेर उभी. मुलं भराभरा बाहेर आली. दार बंद झालं. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझा हात फाटकाच्या कडीवर गेला. मग आठवलं, आणि मी दोन्ही हात खिशात कोंबले.

दार उघडलं. कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली, पण चेन पार हनुवटीपर्यंत. लाल फास छातीवर झुलत होता. माझ्याकडे ढुंकूनही न बघता भिंगरी थेट घसरगुंडीकडे पळाली. माझे डोळे भरले आणि त्या थंडीत गालावर पाणी चांगलंच झोंबलं.

बाई कुंपणाशी आल्या. "ती दोरीची युक्ती भारी आहे. कुठे वाचलीत?"

"वाचली नाही," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंनी शीतगृहात अठरा वर्षं खोकी रचली आहेत. उणे पंचवीसात." जरा मोठ्यानंच म्हटलं. शेजारच्या दोघी आयांनी वळून बघितलं. बघू देत.

"अजून पाच मुलं खिडकीत आहेत," बाई म्हणाल्या. "त्या येतील का एकदा शिकवायला?"

घरी येऊन मी उघड्या कोटानिशी दारातूनच सगळं सांगितलं. सासूबाईंचा चेहरा हलला नाही, पण कपाट उघडून दोरीचं रीळ मात्र लगेच बाहेर आलं.

"जाईन की," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझ्या कोटाची चेन बघ. उघड्या कोटानं उभी होतीस ना तिथे?"