राजाची दाढी उतरेपर्यंत

बाबांना काही वाईट सांगायचं असेल तर दाढी चिकटवल्यावर सांगायचं, हे आमच्या मेकअपच्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. गोंदानं लावलेली दाढी ती. तोंड मोठं उघडलं की गालावरून सुटते, आणि पुन्हा लावायची तर अख्खं युनिट ताटकळतं. म्हणून राजाचं काम करणारे बाबा दिवसभर ओरडू शकत नसत. गाडी येणार नाही, जेवणाची सुट्टी कापली, सगळं त्यांना दाढीनंतर कळायचं.

दाढी लावायचं काम माझं. मुलगी आहे म्हणून नव्हे, मला येतं म्हणून.

सिनेमा एका जुन्या दंतकथेवरचा. राजकन्या शत्रूच्या घोडेस्वाराच्या प्रेमात पडते, राजा दोघांना तटावरून ढकलायला लावतो आणि मग त्यांच्यावर घुमट बांधून रडत बसतो. शेकडो वर्षं लोक त्या घुमटाचं कौतुक करतायत. माझं डोकंच फिरतं. पोरगी मारली, वर दगड रचले, आणि म्हणे काय ते बापाचं काळीज! ती जिवंत होती तेव्हा काळीज कुठं झोपलं होतं?

आमच्या घरातही एक घुमट होता. दादाचा फोटो. दादानं मनाजोगती बायको केली म्हणून बाबांनी त्याला घराबाहेर काढलं, आणि फोटो मात्र रोज स्वतःच्या हातानं पुसायचे. आईनं तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं ठेवलं होतं.

आणि आता मला जनरेटरवाल्याशी लग्न करायचं होतं.

त्या सकाळी दाढीची शेवटची कड दाबून बसवली आणि म्हटलं, "बाबा, मी लग्न ठरवलंय. बाहेर जनरेटरच्या ट्रकवर असतो ना, तो."

आरशातून त्यांनी डोळे वटारले. ओठ जेमतेम हलले. "कार्टे, मुद्दाम आत्ता सांगितलंस."

"मग? दादानं जेवताना सांगितलं, तर ताट भिंतीवर गेलं."

"संध्याकाळी उतरेल दाढी."

"उतरेल की. मीच उतरवणार आहे."

बोलले खरी, पण आरशाकडे न बघता ब्रश धुवायला घेतला.

नेमका त्याच दिवशी तटाचा सीन. प्लायवूडचा तट, खाली गाद्यांची थप्पी. वर राजकन्या आणि तिचा घोडेस्वार, हात दोरीनं बांधलेले. बाबांना वाक्य एवढंच: "ढकला यांना." पहिल्यांदा ते पुटपुटले. दुसऱ्यांदा चक्क विसरले.

"काका, दोन शब्द आहेत हो!" डायरेक्टर खुर्चीतून उठला. "आणि राग कुठं गेला तुमचा? एरवी तर चहा गार झाला तरी येतो!"

सगळे हसले. मला कुठलं हसू!

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. बाबांनी हात वर केला. राजकन्येकडे पाहिलं. सैनिकांनी तिच्या दंडाला धरलं, आणि बाबांचं तोंड एवढं उघडलं की डावीकडची दाढी टर्रकन सुटली.

"हात काढा! सोडा तिला! सोडा म्हणतो ना!"

सैनिकांनी खरंच सोडलं. अर्धी दाढी राजाच्या गळ्यावर लोंबत होती.

"कट! काका, कथा बदलताय काय?"

"बरं वाटत नाही," बाबा म्हणाले आणि झगा सावरत मेकअपच्या खोलीकडे चालू लागले. गोंदाची बाटली घेऊन मी मागोमाग.

ते आरशासमोर बसले. मी उरलेली दाढी सोडवून घेतली. आता त्यांना ओरडायला काही अडचण नव्हती. मी दाराकडे पाहून घेतलं.

"फार आवाज करतो तुझा तो जनरेटर," ते म्हणाले.

"साउंडवालाही तेच म्हणतो."

"माणूस कसा आहे?"

"आवाज करत नाही."

त्यांच्या नाकातून हसल्यासारखं काहीतरी आलं. मग गाल चोळू लागले. गाल लालभडक झाला होता. मी क्रीम लावलं, ते सुकू दिलं आणि गोंदात ब्रश बुडवला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. आधी दादाला फोन लाव."

"आत्ता?"

"मग कधी? दाढी लागली की मला धड बोलता येत नाही."

माझे हात गोंदानं चिकट होते, माझा फोन बोट ओळखेना. त्यांनीच आपला फोन उचलून नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली, आणि बाहेरून असिस्टंट ओरडला, "राजा तयार का?"

"थांबा!" मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. "राजा फोनवर आहे!"