रंगूआत्याचा शेक

पिंपळगाव बसवंतात गेल्या तीस वर्षांत बाळंत झालेली आणि माझ्या हातचा शेक न घेतलेली बाई शोधून दाखवा. मी रंगूबाई. बाळंतिणीला तेल लावणं, शेकणं, सव्वा महिना पोट बांधणं हे माझं काम. तोंडानं मी फटकळ हाय, ते मलाही ठाऊक हाय. पण बाया दुसऱ्या खेपेलाही मलाच बोलावतात, म्हणजे हात बरा असणार.

माझ्या भावाची मुलगी शुभांगी नाशकात शाळेत शिकवते. दोन वर्षांमागं कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढावा लागला. रिकाम्या बाजूला ब्लाउजात ठेवायला मी तिला मोहरी भरलेली कापडी पिशवी शिवून दिली होती, अगदी दुसऱ्या बाजूच्या वजनाची. ती एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी सरकली आणि पार पोटावर आली. पोरं हसली नायत, पण शुभांगी घरी येऊन दोन तास रडली. मग नवऱ्याला म्हणाली, "शेखर, मला ते ऑपरेशन करायचंय."

ते ऑपरेशन म्हणजे पोटाची कातडी आणि चरबी काढायची आणि तिचाच नवा स्तन करून छातीवर बसवायचा. मला वाटलं डॉक्टर लोक थापा मारतात. ऑपरेशननंतर महिनाभर मी तिच्या सातपूरच्या घरी राहिले, आणि पहिल्यांदा पट्टी निघाली तेव्हा चष्मा लावून सगळ्यांच्या पुढं झाले.

"आत्या, किती वाकून बघशील?"

"बघू दे गं. तुझ्या वेदिकाच्या बाळंतपणात हे पोट मी सव्वा महिना बांधलंय. माझ्या ओळखीचं हाय."

ती हसली आणि लगेच टाके ओढले म्हणून कळवळली. वेदिकाच्या वेळचे ते पांढरे वण पोटावरून उठून छातीवर जाऊन बसलेले बघून मी गारच पडले. त्या महिन्यात मी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडलं. तू जाड झालीस तर हेही जाड होणार का? होणार, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. भूक लागली की तिथं कळणार का, असंही मी विचारलं. त्यावर शेखर उठून गॅलरीत गेला.

मी गावी परतले आणि पुढच्याच महिन्यात तिचा फोन आला.

"आत्या, नव्या बाजूला गाठ लागतेय. सुपारीएवढी."

तिच्या डॉक्टर योगिनी मॅडम बाहेरगावी होत्या, सोमवारी येणार होत्या. दवाखान्यातून सांगितलं, घाबरू नका, सोमवारी या. पण गाठ शब्द ऐकला की कॅन्सर झालेल्या बाईला सोमवार लय लांब वाटतो. मी शनिवारची एसटी पकडली.

माझं चुकलं ते इथं. मी गाठ चाचपली आणि मला ती दुधाच्या गाठीसारखी लागली. अशा शेकडो गाठी मी शेकून विरघळवल्यात. इथं बाळ नाय, दूध नाय, पण हाताला सवय तीच. रविवारी दुपारी मी गॅसवर तवा ठेवला, सुती फडक्यात ओवा बांधला आणि तिला पलंगावर आडवी केली.

शेकायची माझी एकच रीत. तीस वर्षं निखाऱ्याशी खेळून माझ्या तळहाताला घट्टे पडलेत, मला स्वतःला चटका कळत नाय. म्हणून मी बाईलाच विचारते, सोसतंय का? ती हो म्हणते तोवर शेक वाढवायचा, ती आई गं म्हणाली की थांबायचं. आजवर एका बाईला डाग पडला नाय.

"सोसतंय का?"

"सोसतंय."

मी पुरचुंडी आणखी तापवली. "आता?"

"सोसतंय आत्या. बरं वाटतंय."

मला वाटलं, पोरगी धीराची हाय. मी आणखी तापवली.

सोमवारी सकाळी तिनं न्हाणीतून हाक मारली. नव्या स्तनावर चार मोठे फोड आले होते, पाण्यानं टच्च भरलेले. दुखत नव्हते, तेच भयंकर होतं.

योगिनी मॅडमनी बघितलं आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

"मीच गरम पाण्याची पिशवी ठेवली होती," शुभांगी एका दमात म्हणाली.

माझ्या तोंडाला आमचा सरपंच घाबरतो. पण त्या खोलीत मी मान खाली घालून गप्प बसले.

मॅडमनी समजावलं. कातडी पोटावरून वर आणली तेव्हा रक्ताच्या नळ्या दुर्बिणीखाली जोडल्या, पण जाणिवेच्या नसा तुटल्याच. तिथं गरम नाय कळत, गार नाय कळत. दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कागदावर ते लिहिलं होतं. शुभांगीनं वाचलंही होतं. पण आत्या शेकायला बसल्यावर कागद कुणाला आठवतो?

सोनोग्राफी केली, सुई घालून तपासलं. दोन दिवसांनी कळलं की गाठ कॅन्सरची नव्हती. थोड्या चरबीला रक्त पुरलं नाय म्हणून ती घट्ट झाली होती, तेवढंच. तिला काही केलं नसतं तरी चाललं असतं.

"पण भाजलेलं खोल आहे," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस बघू. कातडी काळी पडली तर तेवढा तुकडा काढू. जंतू आत गेले तर सगळंच काढावं लागेल. पोटातून पुन्हा घेता येत नाही."

ते आठ दिवस मी तिच्याकडंच काढले. पट्टी शेखर बदलायचा, मी दाराबाहेर थांबायची. माझा मलाच राग येत होता, आणि तो मी भांड्यांवर काढत होते. पण त्या रागाखाली एक किडा वळवळत होता. माणसाच्या अंगावर माणसालाच न कळणारी जागा असते, ती नेमकी कुठवर असते?

चौथ्या दिवशी मी कापसाची वात घेतली. "शुभे, डोळे मीट. कळलं की बोल."

पट्टी सोडून आजूबाजूला मी वात फिरवली आणि वेदिकाच्या निळ्या स्केचपेननं खुणा करत गेले. गळ्याच्या हाडाखाली कळत होतं. छातीच्या मधल्या कडेला अंधुक. काखेत काहीच नाय, आणि दंडाच्या आतल्या बाजूलाही नाय. ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"दंडाला कधी चाकू लावला?" मी म्हणाले.

"काखेतल्या गाठी काढताना नस गेली असेल. तिथं पुन्हा फिरव ना." तिनं डोळे उघडले आणि आरशात ती निळी रेघ बघितली. "इथपर्यंत मी आहे आणि पुढं कोण आहे गं, आत्या?"

मी पेनाला टोपण लावलं. मी म्हणाले, "मी मॅडमना खरं सांगणार हाय."

"कशाला? तुला वाट्टेल ते बोलतील."

"बोलू देत."

आठव्या दिवशी मी सांगितलं. शेक मी दिला, पोरीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मॅडम चिडल्या नायत. त्यांनी विचारलं, "किती गरम ते तुम्हाला कसं कळतं?"

"बाईला विचारते."

"जिची जाणीव गेलीय तिला विचारून कसं कळणार? असं ऑपरेशन झालेल्या कुणालाही शेकायचं नाही."

"नाय शेकणार," मी म्हणाले. तेव्हापासून मी बाळंतिणीलाही आधी माझ्या गालाला लावून बघितल्याशिवाय शेक देत नाय.

त्याच दिवशी मॅडमनी दोन बोटं रुंदीचा काळा तुकडा काढून टाके घातले. खालचा सगळा भाग जगला. एका बाजूनं थोडा चपटा झाला, पण जगला.

तीन महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, आता व्रणावर रोज खोबरेल लावून हळूहळू चोळायचं, म्हणजे कातडी मोकळी होईल. शुभांगीनं मला फोन केला. मी म्हटलं, "शेखरला सांग. नायतर दवाखान्यातली बाई लाव. मी हात लावणार नाय."

ती रविवारी स्वतः पिंपळगावला आली. तेलाची वाटी माझ्यापुढं ठेवली, दार लावलं आणि ब्लाउज काढून पाटावर बसली.

"शुभे, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "लाव."

मी तेल हातावर घेतलं. व्रणावरून अंगठा फिरवला, मग सबंध तळवा ठेवला. तिला काही कळत नव्हतं, ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सांग ना," ती म्हणाली. "हाताला कसं लागतंय? मला आतून कधीच कळणार नाही."

घट्ट्यांच्या तळव्याला काय कळणार, म्हणून मी हात पालथा केला आणि बोटांची पाठ लावली. मग दुसऱ्या हाताची दुसऱ्या बाजूला लावली. घाई केली नाय.

"ऊन हाय," मी म्हणाले. "मऊ हाय. दोन्हीकडं सारखंच ऊन."

तिचे डोळे भरून आले. "परत सांग."

मी परत सांगितलं.