निळा जाळ

मोतीबाईनं घोट तोंडात फिरवला आणि बाजूला थुंकला.

"दारू हाय का बैल धुतलेलं पाणी?"

समोर लालसिंग बसला होता, बाळापूरकडच्या तांड्याचा नाईक. मोतीबाईच्या नातीला तो आपल्या लेकासाठी मागायला आला होता. सोयरीक पक्की करताना मुलीच्या घरची दारू प्यायची, अशी रीत. ती हलकी निघाली तर पाहुण्यानं पेला पालथा घालून उठायचं. या घरी कुणी पेला पालथा घातला नव्हता, कारण भट्टीशी मोतीबाई बसायची. यंदा तिला तापानं पाडलं आणि सून भिकाबाई बसली.

सुनेचे गुण मोतीबाईनं पाहुण्याला सविस्तर ऐकवले. मोहाची फुलं आंबली की नासली, हे हिला कळत नाही. घाईनं जाळ वाढवते, मग दारूसोबत पाणीही नळीतून चढतं. पहिली उग्र धार भुईला द्यायची, तिथंही हिचा हात आखडता. हिच्या माहेरी ताकसुद्धा धड घुसळत नसतील.

भिकाबाई खाली मान घालून ऐकत होती. आतल्या दाराशी तिची पोरगी श्वास रोखून उभी होती.

"चिंधी आण. पाहुण्याला दावते."

मोतीबाईनं चिंधी दारूत बुडवली, चिमटीत धरून निखाऱ्याला लावली आणि डोळे बारीक केले.

"बघा नाईक. पेटलीबी न्हाई."

लालसिंगानं चिंधीकडं पाहिलं, मग मोतीबाईच्या डोळ्यांकडं.

"बाई," भिकाबाई हळूच म्हणाली, "हात."

तेव्हा बोटांना चटका बसला. मोतीबाईनं चिंधी सोडली नाही. चांगल्या दारूचा निळा जाळ तिनं जन्मभर पाहिला होता. आता समोर नुसतं करडं धुकं होतं. ओल्या लाकडांना, धुराला शिव्या घालत डोळ्यांतलं ते धुकं तिनं दोन हंगाम लपवलं होतं. आणि दारू चोख आहे, हे जिभेला मघाशीच कळलं होतं.

तिनं चिंधी सावकाश राखेत दाबली.

"पेला धरून काय बसले, नाईक? तुमच्या तांड्यात असली कोन काढतं? प्या. सुनेच्या हातची हाय."

लालसिंगानं पेला एका दमात रिकामा केला. दारातली पोरगी आत पळाली.

"आन तू, अवदसे, यापुढं भट्टीशी तूच बस. माझे गुडघे दुखून राहिले."

भिकाबाईनं सासूचा पेला भरला. एरवी ती तो समोर भुईवर ठेवायची. आज तिनं मोतीबाईचा न भाजलेला हात धरला, पेला त्यात दिला आणि बोटं मिटेपर्यंत सोडला नाही.

मोतीबाईनं शिवी दिली नाही.