पाच किलोंची एकच लगड

सराफाच्या दुकानात काटेकोर स्वतःची वजनं घेऊन गेले होते. पितळेची, लाकडी पेटीतल्या खाचांत बसवलेली, एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत. बाजारातले तराजू खरे आहेत की खोटे हे तपासण्यात त्यांची सदतीस वर्षं गेली होती. दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं ‘काटेकोर’ हे नाव निवृत्त झाल्यावरही त्यांना चिकटून राहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचं. सराफाने ती पेटी पाहिली, त्यांच्या बायकोकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे आपला काटा पुढे सरकवला.

काटा अचूक निघाला. काटेकोर जरा हिरमुसले.

पैसे बायकोचे होते. शर्टांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं कॉलर शिवल्या. बाही नाही, खिसा नाही, फक्त कॉलर. तिथे तिला सगळे कॉलरताईच म्हणत. शेवटच्या दिवशी फंडाची रक्कम एकदम हातात आली आणि ती चांदीत घालायची असं काटेकोरांनी परस्पर ठरवून टाकलं. तिची त्याला हरकत नव्हती. तिला फक्त एकच गोष्ट सांगायची होती.

सराफाने निळ्या कापडावर तीन तऱ्हा मांडल्या. शंभर-शंभर ग्रॅमची बिस्किटं, एकेका किलोच्या विटा आणि पाच किलोंची एक लगड. ती लगड जाडजूड, करडी, अंगावर शिक्का आणि नंबर घेऊन बसलेली. दिसायला काही खास नव्हती.

"छोटी घेऊ या," ती म्हणाली. "निदान अर्धी तरी. कधी लागलं तर एखादं काढता येतं."

"लागणार काय आहे?" काटेकोर म्हणाले. पेन्सिल त्यांनी आधीच बाहेर काढली होती. "हे बघ. छोट्या बिस्किटांवर घडणावळ जास्त. एवढ्याच पैशांत लगड घेतली तर पाच किलो येते आणि हे किडुकमिडुक घेतलं तर चार किलो आठशे. दोनशे ग्रॅम चांदी या गृहस्थांना दान करायची?"

गृहस्थ हसले नाहीत. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, साहेबांचा हिशोब बरोबर आहे. मोठी लगड स्वस्तच पडते. पण विकायची झाली की सगळी एकदम विकावी लागते, तेवढं लक्षात असू द्या."

"विकायची कशाला?" काटेकोर म्हणाले, आणि विषय संपला.

तिला तेव्हाच बोलायला हवं होतं. माझे पैसे आहेत, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण परक्या माणसासमोर नवऱ्याचा हिशोब खोडायची तिला सवय नव्हती, आणि त्या हिशोबात चूक तरी कुठे होती? दोनशे ग्रॅम म्हणजे दोनशे ग्रॅम. लगड शर्टाच्या जुन्या कापडात गुंडाळून त्यांनी घरी आणली आणि कपाटात तिच्या ठेवणीतल्या कपड्यांखाली ठेवली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काटेकोर ती बाहेर काढून तोलायचे. चांदी कपाटात बसून ना वाढते ना घटते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही तोलायचे. पारडी समोरासमोर आली की "बरोब्बर" असं म्हणायचे आणि मग चहा मागायचे. ती चहा द्यायची. तिला त्याचं हसूही यायचं, सुरुवातीला.

त्याच वर्षी ती उजव्या बाजूला धडकायला लागली. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, एकदा जिन्यात शेजारीण. समोरचं सगळं लख्ख दिसायचं, कडेचं मात्र कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखं. डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, मग पुन्हा मोजला. काचबिंदू आहे, म्हणाल्या. थेंब दिले, आणि थेंबांवर भागणार नाही, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करून घ्या, गेलेली नजर परत येत नाही, असं दोन वेळा समजावून सांगितलं. खर्चाचा कागद दिला.

काटेकोरांनी कागद वाचला आणि खर्चाचं लगेच चांदीत रूपांतर केलं. "साधारण अर्धा किलो," ते म्हणाले.

"मग तेवढी काढू या."

"तेवढी? अगं, अर्ध्या किलोसाठी पाच किलो मोडायची? भाव पडलाय सध्या."

"मग कापून तेवढीच द्या."

असं बघितलं त्यांनी तिच्याकडे, जशी काही ती त्यांचं बोट कापायला निघाली होती. "कापलेल्या लगडीला कोण विचारतं? शिक्का गेला की ती भंगार. सराफ पुन्हा वितळवणार, पुन्हा कस लावणार आणि पाच टक्के घशात घालणार. भाव जरा चढू दे. सहा महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

मग त्यांनी शिवणाच्या डब्यातून सुई आणि दोरा काढून तिच्या हातात दिला. "ओव बरं."

तिने ओवला. पहिल्याच फटक्यात.

"झालं तर मग! मला चष्मा लावूनही जमत नाही. तुझे डोळे माझ्यापेक्षा धड आहेत."

यातली गंमत अशी, की तिलाही ते पटलं. एकतीस वर्षं तिच्या जगात डोळा चांगला की वाईट हे सुईच ठरवत होती. कारखान्यात ज्या बाईचा दोरा चुकायला लागे तिला घडी घालायच्या टेबलावर पाठवत, आणि हिला कधी तिकडे जावं लागलं नव्हतं. या दुखण्यात नजर कडेकडेने खात येते आणि सुईपुरतं मधलं भोक शेवटपर्यंत शाबूत राहतं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण सुईत गेलेला दोरा हातात होता आणि डॉक्टरबाईंचे शब्द घरी येईपर्यंत पुसट झाले होते. दर महिन्याला लगड तोलून झाली की काटेकोर तिच्याकडून सुई ओववून घ्यायचे. दोन्ही तपासण्या बरोब्बर निघायच्या.

असं दीड वर्ष गेलं. भाव चढला, तेव्हा काटेकोर म्हणाले, अजून चढेल. मग उतरला, तेव्हा म्हणाले, आता काढणं म्हणजे मूर्खपणा. ती भिंतीला हात लावून चालायला शिकली.

मग मुलाचा फोन आला. तो दूरच्या शहरात राहायचा, सणासुदीला नाही तर गरजेला आठवण काढायचा. त्याला चालतं दुकान विकत मिळत होतं. थोडे पैसे कमी पडत होते. काटेकोरांनी फोन कानाला लावूनच पेन्सिल घेतली, दोन आकडे मांडले आणि पापणीही न हलवता म्हणाले, "लगड आहे ना आपली. तुला लागतंय तेवढं बरोब्बर येईल. शनिवारी ये, सोमवारी मोडू."

ती डाळ निवडत समोरच बसली होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"भाव पडलाय ना?" ती म्हणाली.

"मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आणि माझा डोळा?"

"त्यातून काही उरलं तर बघू की. तुझं काय, तू सुई ओवतेस अजून."

तिला राग आला, असा राग की ताटातली डाळ तिला दिसेनाशी झाली. डोळ्यासाठी जी लगड फार मोठी होती, ती मुलासाठी अगदी मापाची निघाली होती. पाच टक्के नाही, शिक्का नाही, भाव नाही, काही आड आलं नाही. इतकं सोपं होतं तर.

शुक्रवारी सकाळी काटेकोर निवृत्तांच्या बैठकीला गेले. तिने लगड कपाटातून काढली, भाजीच्या पिशवीत घातली, वर दोन टॉवेल टाकले आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या फिटरकडे गेली. तो पूर्वी तिच्याच कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. आता खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा.

"काय ताई, कुकर की कडी?" त्याने विचारलं. तिने पिशवी ठोकळ्यावर ठेवून टॉवेल बाजूला केले, तशी त्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

"माझी आहे," ती म्हणाली. "माझ्या फंडाची. कापून दे."

"साहेबांना माहीत आहे?"

"कापून झाल्यावर होईल."

त्याने अंगठ्याने शिक्का चोळून पाहिला. "कुठे कापू?"

पर्समध्ये शिंप्याचा खडू अजून होता. टोकापासून दोन बोटं मोजून तिने लगडीवर सरळ रेघ मारली. कॉलरचं टोक तिने आयुष्यभर असंच मोजलं होतं. फिटरने लगड शिकंज्यात आवळली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि करवत चालवायला सुरुवात केली. चांदी मऊ असते. तरी वीस मिनिटं लागली. पांढरा चुरा कागदावर पडत होता आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. दीड वर्षं जे अशक्य होतं, ते वीस मिनिटांचं काम होतं. तिला रडू आलं ते याचंच.

फिटरने पैसे घेतले नाहीत. चुऱ्याची पुडी बांधून त्याने तिच्या हातात दिली. "घासलेलं सुद्धा तुमचंच," तो म्हणाला.

लगड घरी ठेवून ती कापलेला तुकडा घेऊन सराफाकडे गेली. त्याने तिला ओळखलं. तुकडा सहाशे ग्रॅम भरला. कस लावायचे पाच टक्के कापावे लागतील, असं तो ओशाळून म्हणाला. "कापा," ती म्हणाली. पैसे घेऊन ती थेट दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यासमोर बोटं नाचवली. "किती बोटं?"

"कसली बोटं?" तिने विचारलं.

डॉक्टरबाईंनी दिवा बंद केला. उजव्याचं आता काही करता येणार नाही, म्हणाल्या. आतली नस वाळली. डावाही त्याच वाटेवर आहे, पण तो वाचवता येईल, आठवड्याभरात ऑपरेशन करू. "दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं मी. का नाही आलात?"

"सुईत दोरा जात होता," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

डाव्या डोळ्याचे पैसे तिने तिथेच भरले आणि पावती ब्लाउजमध्ये खोचली.

घरी आली तेव्हा दार उघडं होतं. काटेकोर टेबलाशी बसले होते. उद्या मुलगा येणार म्हणून त्यांनी लगड तोलायला काढली होती. ती आता तराजूत आडवी पडली होती, एका बाजूला करवतीचे ओरखडे, आणि तिच्या कडेला खडूची अर्धी रेघ तशीच राहिली होती.

"चार किलो तीनशे शहात्तर," ते म्हणाले. "कुठे गेली बाकीची?"

"डोळ्यात."

"म्हणजे?"

"डाव्या. उजवा गेला."

ते कागदाकडे बघत होते. पेन्सिल चालत होती. "तुकडा किती भरला?"

"सहाशे."

"मग चोवीस कुठे आहेत? पाच टक्के घेतले ते वेगळे. चोवीस ग्रॅम कमी आहेत."

उजवा म्हणजे कुठला उजवा, गेला म्हणजे काय, कधी गेला, यातलं ते काहीतरी विचारतील म्हणून ती क्षणभर उभी राहिली. एकतीस वर्षांच्या कॉलर आणि त्याहून जुना संसार, एवढ्यांच्या जोरावर थांबली. मग तिने पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

काटेकोरांनी पुडी उलगडली. लगड उचलून बाजूला ठेवली, चुरा अलगद पारड्यात ओतला, कागद झटकला, बोटाला लागलेलं सुद्धा झटकलं. दुसऱ्या पारड्यात एकेक पितळी वजन चिमट्याने ठेवत गेले.

"तेवीस," ते म्हणाले. मग कागद पुन्हा एकदा झटकून, "एक ग्रॅम गेला कुठेतरी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिने खुर्ची ओढली. नेहमीची त्यांच्या समोरची नाही, टेबलाच्या कडेची, जिथे बसलं की काटेकोर उजव्या हाताला येत. तिथे बसून ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकी दिसत होती, गल्ली दिसत होती, फिटरच्या दुकानासमोर उभ्या केलेल्या जाळ्या दिसत होत्या. उजवीकडून चहाबद्दल कुणीतरी काहीतरी विचारत होतं. तिने मान वळवली नाही.