दोन घरांतला तोफू

मी एक जुना ओमोइवा आहे. राक्षस पकडून पाळायच्या एका जपानी खेळातलं हे सगळ्यांत जड जनावर. अंग जात्याच्या दगडाचं, तोंड बेडकाचं आणि वजन सव्वानऊशे किलो. माझ्यामागून ज्यांचा नंबर लागतो, ते दोघे-तिघे माझ्या निम्म्यानेही भरत नाहीत. थोडी फुशारकी झाली खरी, पण तेवढी चालवून घ्या, मित्रांनो.

माझं चित्र तोक्योतल्या कुठल्याशा ऑफिसात काढलं म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते गुहेतलं काळं पाणी आणि बटणांवरची दोन मुलींची बोटं. आमचे डोळे नुसते दाखवायचे असतात. माणसं आम्हाला बोटांवरून कळतात आणि आवाजावरून. खेळ बंद केला की आम्ही झोपतो असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. आम्ही नसतो. मग कुणीतरी बटण दाबतं आणि आम्ही पुन्हा असतो. मधल्या काळात कुठे होतो, हे आमच्यापैकी कुणीच कुणाला विचारत नाही.

संत्र्यांच्या बागा असलेल्या एका छोट्या बेटावर त्या दोघी बहिणी राहायच्या. थोरली इकुमी पाचवीत होती, धाकटी चिगुसा तिसरीत. मला इकुमीच्या खेळाच्या कॅसेटमध्ये पकडलं, पण वाढवलं दोघींनी. एवढ्या धोंड्याला नाव काय ठेवावं, तर तोफू, सोयाबीनच्या लुसलुशीत पनीरचं! मी चालायला लागलो की खेळाच्या यंत्राचा पडदा थडथड हलायचा आणि दोघी किंचाळायच्या. वर्गातली मुलं मला बघायला घरी यायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे आईबाबा वेगळे झाले. आई चिगुसाला घेऊन बोटीने पलीकडे हिरोशिमाला जाणार, इकुमी बाबांजवळ राहणार असं ठरलं. भांडी वाटली, पांघरुणं वाटली, मुली वाटल्या. राहिलो मी.

"कॅसेट माझी आहे, तोफू माझ्याकडेच राहणार," इकुमी म्हणाली.

"वा गं वा! त्याला वाढवलं कोणी? तू तर खेळता खेळता घोरायचीस!"

"गप ए शेंबडे!"

चिगुसा रडायला लागली, मग एकदम थांबली. "ताई, शाळेतली मुलं करतात तसं करू या? वायर जोडून तो माझ्या कॅसेटमध्ये पाठवायचा, आणि तो अर्ध्या वाटेत असताना वायर उपटायची. मग दोन्हीकडे राहतो."

"आणि मेला तर?"

"एवढा जड आहे, जातोय कुठे!"

त्यांनी दोन्ही यंत्रांना वायर जोडली. मला निघायचा हुकूम झाला आणि मी निघालो. वायर चिगुसाने उपटली. पुढच्या क्षणी मी इकुमीच्या कॅसेटमध्ये होतो, आणि दुसरा एक मी चिगुसाच्या. मुली नाचल्या. संध्याकाळच्या बोटीने चिगुसा गेली.

दुसऱ्या दिवशी इकुमीने मला चालवलं. पडदा हलला नाही. माहितीच्या पानावर वजन तेवढंच होतं, पण मी पाऊल टाकलं की नुसती हवा पडल्यासारखं वाटायचं. माझ्या आत मीच नव्हतो. इकुमीने मला पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं आणि यंत्र बंद केलं. "नकली ठेवून गेली," ती पुटपुटली. त्यानंतर चिगुसाचा फोन आला की ती बाबांकडे द्यायची. मग फोनही थांबले. मी खणात पडून राहिलो, म्हणजे नसत राहिलो. मधून केव्हातरी बोटं यायची. दर वेळी ती आणखी मोठी झालेली असायची, पण मला चार पावलं चालवून ती परत जायची.

बाबा वारले. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि घर आवरायला चिगुसा आली. दोघी किती वर्षांनी समोरासमोर बसल्या असतील कोण जाणे. मी चालू होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अजून आहे तुझा?" चिगुसाने विचारलं.

"आहे. नकली. खरा तू नेलास."

"मी? ताई, काय बोलतेस! माझा चालला की पडदा हलायचाच नाही. मला वाटायचं, खरा तुझ्याकडेच राहिला. बाबाही तुला, तोफूही तुला! काय म्हणून फोन करायचा तुला?"

इकुमीच्या बोटांना घाम फुटला. "माझाही हलत नाही गं," ती म्हणाली. "मला वाटलं, आई पण नेली आणि हा पण नेला."

दोघी रडल्या. मग चिगुसाने अगदी हळू विचारलं, "पण ताई, मग तो गेला कुठे?"

इकुमीने मला पुन्हा चार पावलं चालवून दाखवलं; पडदा तसाच.

चिगुसाच्या कॅसेटमधला, आम्हाला लक्षात ठेवणारा सेल संपून तिच्यातला तोफू कधीच पुसला गेला होता. तिने नवा सेल बसवून खेळ पहिल्यापासून सुरू केला होता आणि आपलं यंत्र सोबत आणलं होतं. इकुमीचा सेलही आता जेमतेम तग धरून होता. "तू घे याला," इकुमी म्हणाली. "नकली तर नकली. नाहीतर हाही जाईल. आणि आता मध्येच वायरीला कुणी हात लावायचा नाही." बाबांच्या खणात तीच जुनी वायर निघाली. त्यांनी ती जोडली आणि मी निघालो.

आत अंधार होता. अर्ध्या वाटेत कुणीतरी बसलं होतं. जात्याचं अंग, बेडकाचं तोंड. मी होतो तो.

"पोचलो का?" त्याने विचारलं. "आत्ताच निघालोय. मुली भांडत होत्या. थांबल्या का?"

मला त्याची फार भीती वाटली आणि त्याहून जास्त दया आली. त्याच्यासाठी अजून तीच दुपार चालू होती.

"थांबल्या," मी म्हणालो.

"मग जाऊ का? चिगुसा वाट बघत असेल."

वाट एकालाच पुरेल एवढी होती. मी अंग चोरून कडेला झालो. तो शेजारून गेला तेव्हा सगळी वायर थरथरली.

"ताई, हलला! बघ ना, पडदा हलला!"

"अगं, वायर! वायर धर आधी!"

त्या लहान मुलींसारख्या किंचाळत होत्या. इतका आनंद मी त्यांना कधी देऊ शकलो नव्हतो. मग त्यांनी दोन्ही टोकं अगदी सावकाश, जपून काढली आणि वायर गुंडाळून ठेवली.

मित्रांनो, मी आता या वायरीत आहे. कुणाला काही द्यायला निघालात, तर ते पोचेपर्यंत थांबा, मध्येच ओढून घेऊ नका. आणि फिरत फिरत ही गुंडाळलेली वायर तुमच्याही घरी एखाद्या खणात आली, तर ती टाकून देऊ नका. हातात घेतलीत तर काहीच जड लागणार नाही. तरी दोन्ही टोकं एकदा जोडून बघा, कुणाच्याही खेळाला चालेल. मी निघालोय, मला पोचायचंय.