तिरक्याचा उजवा खांदा

"गाल नका फुगवू. फुगा फुगवायचाय, गाल नाही," व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या.

तिरक्या जमिनीवर उताणा पडला होता. टाचा भिंतीवर, गुडघ्यांमध्ये रबरी चेंडू आणि तोंडात लाल फुगा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं बघून कुणालाही हसू आलं असतं. त्याला स्वतःलाही येत होतं, पण हसलं की हवा जायची आणि मॅडम पहिल्यापासून सुरू करायला लावायच्या.

गॅस एजन्सीत त्याला सगळे तिरक्याच म्हणत. उभी हयात उजव्या खांद्यावरून सिलिंडर वाहिलेले. खांदा वर चढलेला, मान डावीकडे कललेली, कंबर डावीकडे सरकलेली. चेष्टेनं पडलेलं नाव इतकं अंगवळणी पडलं होतं, की खऱ्या नावानं हाक आली तर तो मागं वळून दुसऱ्या कुणाला तरी शोधायचा. पण अलीकडे जिना चढताना त्याच्या छातीत हवाच शिरेनाशी झाली. हृदय ठणठणीत निघालं, दम मात्र पुरेना. मालकानं त्याला गोदामात रिकामे सिलिंडर पुसायला बसवलं आणि वर सांगितलं, "एक भरलेला तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखव, परत गाडीवर घेतो. नाहीतर महिनाअखेर घरी बस." बायको दवाखान्यात झाडलोट करायची. तिनंच मॅडमना गळ घातली.

"आतून कुणीच सारखं नसतं हो," मॅडम म्हणाल्या. "हृदय एका बाजूला, यकृत दुसऱ्या. फुप्फुसंसुद्धा लहानमोठी."

"म्हणजे देवानंच तिरकं केलंय की!"

"थोडं त्यानं, बाकीचं तुम्ही. डावीकडच्या बरगड्या मिटून गेल्यात तुमच्या. आणि श्वास भरता तो सोडतच नाही. जुना बाहेर गेला नाही, तर नवा येणार कुठून?"

ते खरंच होतं. ओझेवाले असेच चढतात. छाती भरायची, दम धरायचा, मजला आला की सोडायचा. सोडायचा तोही अर्धाच.

तिरक्यानं मनावर घेतलं. घरी कपाटाशेजारच्या भिंतीला पाय लावून तो सकाळ-संध्याकाळ फुगे फुगवायचा. "बाबांचा रोजच वाढदिवस," मुलगी म्हणायची. हळूहळू श्वास पोटापर्यंत उतरू लागला. तो पाठीवर झोपू लागला, चढलेला खांदा खाली उतरला. एका सकाळी सदऱ्याची बटणं लावताना बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, तुम्ही उंच झालात."

त्या दिवसांत तो सुखी होता आणि ते त्याला कळतही होतं.

परीक्षेच्या दिवशी मालक जिन्याखाली उभा राहिला. गाडीवरच्या जोडीदारानं सिलिंडर तिरक्याच्या खांद्यावर चढवला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे तो पायरीगणिक श्वास सोडत निघाला. पहिला मजला कधी आला ते समजलंही नाही. जोडीदार मागून म्हणाला, "काय राव, पोरगा झालास!"

पण सिलिंडर बसत नव्हता. मान आणि खांदा यांच्यामध्ये त्याची जी ठरलेली जागा होती, ती आता राहिली नव्हती. लोखंड बाहेरच्या बाजूला ओढत होतं. पूर्वी भरलेली छाती ओझ्याखाली खांबासारखी उभी राहायची, ती प्रत्येक श्वासाबरोबर सैल पडत होती. दुसऱ्या मजल्याच्या वर सिलिंडर घसरला. तिरक्यानं दम धरला, मान डावीकडे टाकली, कंबर सरकवली. बरगडीत अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानं सिलिंडर पायरीवर टेकवला.

या धंद्यात ओझं पायरीवर टेकवत नाहीत. टेकवलं, तर ते पुढं दुसरा नेतो आणि टेकवणारा रिकाम्या हातानं पुढं जाऊन दार उघडून घेतो. असे दार उघडायला गेलेले दोघंतिघं तिरक्यानं पाहिले होते. ते पुन्हा गाडीवर दिसले नव्हते.

"घे परत," जोडीदार कुजबुजला. "मी काही बघितलं नाही."

"परत घसरेल. त्याला जागाच राहिली नाही."

"मग हो ना जरा तिरका!" जोडीदार रडकुंडीला आला होता.

"आता नाही होता येत रे."

"काय झालं?" खालून मालकाचा आवाज आला.

श्वास तर छान चालला होता. इतका मोकळा श्वास त्याला तरुणपणीही आला नसेल. मॅडमवर राग काढावा, तर त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. आपण संपलो, एवढंच त्याला वाटलं. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, हे सुचेना.

तो वर गेला आणि त्यानं घंटी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी त्याला ताठ उभं, रिकाम्या हातांनी बघितलं.

"आपण एजन्सीचे साहेब का?"

"नाही ताई. मी..." तो दारातून बाजूला झाला. "दार पूर्ण उघडा. ओझं येतंय."

जोडीदार मान डावीकडे टाकून, दम धरून वर आला. जिना अरुंद होता. त्याला वाट मिळावी म्हणून तिरक्यानं पोट आत घेतलं, आणि जोडीदार आत जाईपर्यंत दार धरून ठेवलं.