बबनरावांची काडी

लग्न हे सात जन्मांचं बंधन आहे आणि ते तोडण्याचा अधिकार माणसाला नाही. किन्हीराजात हा अधिकार बबनरावांना होता.

ते जातपंचायतीचे म्होरके. ज्या जोडप्याचं जमत नसे ते त्यांच्या ओसरीवर येई. बबनराव दोघांना तीनतीनदा विचारत, मग गवताची एक काडी दोघांच्या हाती देत. काडी मोडली की लग्न मोडलं. वकील नाही, तारीख नाही. वर आतून चहा येई. तो त्यांची बायको मनकर्णाबाई आणी, आणि आपल्या ओसरीवरून एकेक बाई मोकळी होऊन जाताना पाही.

बबनराव पीत नसत, हात उगारत नसत. फक्त ज्वारीच्या कोठीची किल्ली त्यांच्या करदोड्याला असे. रोज सकाळी मनकर्णाबाईनं धान्य मागायचं. कायले पाहिजे, कालचं काय केलं, अशी साक्ष काढून ते मोजून देत. शेलूबाजारला तिची विधवा बहीण एकटी शेत पाही, राहायला ये म्हणे. पण जायचं विचारलं की तीच साक्ष, आणि निकाल ठरलेला.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात धनीबाई नावाच्या पोरीची काडी मोडली. मनकर्णाबाईनं कपबशा खाली ठेवल्या. म्हणाली, "आता माही मोडा."

पंच हसले. बबनराव हसले नाहीत, रीतीचा माणूस. त्यांनी शांतपणे समजावलं, की पंचायत म्होरक्यानंच बसवायची असते, आणि ज्याच्या घरचं भांडण त्याला म्होरक्या म्हणून बसता येत नाही. तेव्हा पंचायतच बसत नाही. जगदेव नावाच्या पंचानं चाचरत सुचवलं, एका दिवसापुरता दुसरा म्होरक्या करू. बबनराव म्हणाले, म्होरक्या मेल्याशिवाय बदलत नाही.

"मंग मी तुमच्या मरनाची वाट पाहू काय?"

"रीत हाय, बाई. मी थोडीच काढली?"

जगदेव चहाकडे वळला.

पुढे बबनराव कुणाची तरी काडी मोडायला परगावी गेले, तेव्हा तिनं वाशीमची एसटी धरली आणि कैलासचंद वकिलाचं घर गाठलं. वकिलानं विचारलं, मारतो? नाही. पितो? नाही. बाई ठेवली? नाही. वकिलाचा चेहरा पडला. संमतीच्या घटस्फोटाचा नवा कायदा आला होता, पण त्याला नवऱ्याचीही संमती लागते. शेवटी त्याला सुचलं: कायदा जातीची रूढी मानतो. म्होरक्याविना बाईनं मोडलेली काडीही चालते, एवढं कुणा जाणत्यानं कोर्टात सांगितलं की झालं.

जाणता कोण, म्हणून त्यानं मालेगावपासून शेलूबाजारपर्यंत चौकशी केली. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

दावा दाखल झाला. तारखांच्या मधल्या दिवसांत मनकर्णाबाई त्याच कोठीपुढे टोपलं घेऊन उभी राही. दाव्याबद्दल बबनराव चकार शब्द काढत नसत. प्रकरण न्यायप्रविष्ट होतं.

साक्षीला ते धुतलेला फेटा बांधून आले. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. तीन पिढ्यांची रीत सांगितली, कोणता म्होरक्या कधी मेला तेही सांगितलं. न्यायाधीश लिहायचं थांबून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, म्होरक्याविना काडी कधी मोडली का?

"नाही सायब. आजपावतर नाही."

हे खरं होतं. इतक्या वर्षांचा चहा मनकर्णाबाईनंच दिला होता.

पुढच्या तारखेला निकाल लागला. रूढी सिद्ध झाली, दावा फेटाळला, आणि साक्षीदाराच्या सचोटीबद्दल कोर्टानं समाधान व्यक्त केलं. नागपूरला अपील करू, असं कैलासचंद म्हणाला. तिथं साक्षीला कोण येईल, असं तिनं विचारलं. तो कागद आवरू लागला.

बाहेर बबनराव उभे होते. म्हणाले, "चाल. गाडी चुकंल."

परतीच्या एसटीत एकच जागा रिकामी होती. बबनराव बसले.